परवान्यावर उरलेली ओळ

परवान्यावर एकच ओळ रिकामी आहे.
वरच्या ओळीत नवऱ्याची बारा बोअर,
जी मी वर्षातून एकदा
तेल लावण्यापुरती उचलते.

सालदान्हा काउंटरवर फ्लॅनेल अंथरतो
आणि दोघींना शेजारी निजवतो.
कॅम्पातली दुपार. बाहेरून जवानांची तुकडी
बूट आपटत जाते, काचेमागच्या काडतुसांच्या पेट्या
किंचित बोलतात.
"बावीसच्याच दोन्ही. लिव्हरच्याच दोन्ही.
ही तुमच्या आजोबांच्या वयाची, ही मागच्या महिन्यातली.
सावकाश बगा की वो, बाई. बंदूक काय पळून जात नाही."

जुनी उचलली.
तोलाच्या जागी काळेपणा उडून
पोलाद उघडं पडलेलं, चांदीसारखं:
कुणीतरी तिला एका हातात धरून
कणकुंबीच्या रानात वर्षानुवर्षं चाललंय.
लिव्हर खाली ओढली, वर घेतली.
मुरलेल्या कोयंड्याएवढाच आवाज.

कुंदा इंचभर कापलेला.
(या गावात कुंदा म्हटलं की
लोक मिठाईच्या दुकानाकडं बोट दाखवतात;
सालदान्हा लाकडाकडं.)
"सोजांच्या बायकोसाठी कापला. जांबोटीचे ठेकेदार सोजा.
बाई परसात बाटल्या मांडून बुचं उडवायच्या."
माझ्या खांद्याला तो असा बसला
की मी जरा घाबरलेच.

नवीला पेटीचा वास.
लाकूड रंग देऊन अक्रोड केलेलं,
कडीत दोन बोटं चिमटतात,
आणि सुरक्षेचं एक बटण, जे विसरून
मी तीनदा चाप ओढला आणि तिच्यावरच चिडले.
पण सुटे भाग आठवड्यात येतात.
जुनीचा दात मोडला तर
खडेबाजारात कुणाला तरी पटवून
कानशीनं घडवून घ्यायचा.

रिकामी मी कुठलीच उडवली नाही.
यांचा ठोका मध्यभागी बसत नाही,
काडतुसाच्या काठाला बसतो,
दारू पेटते ती काठाकडून आत.
काडतूसच नसेल तर पिन
नळीचं तोंड चेचते.
वीस वर्षं शाळेतल्या पोरींना मी हेच शिकवलं.
काठावरच्या गावात राहून
वेगळं काय शिकवणार.

रविवारी रेंजवर सालदान्हाच दोन्ही घेऊन आला.
पन्नास मीटर. जुनीच्या दहा गोळ्या
रुपयाएवढ्या जागेत,
पण ठिपक्याच्या दोन बोटं डावीकडं.
दहाच्या दहा.
भिंगातून माशी बघितली:
एका अंगानं घासलेली, हलकीच,
एका बाईच्या डोळ्यापुरती.
खांदा माझा, नजर तिची.

नवीच्या गोळ्या मधल्या सुट्टीतल्या पोरींसारख्या
एक वर, दोन खाली,
एक तर कागदच चुकली.
त्या चुका मात्र माझ्या होत्या.

मी नवी घेतली.
सालदान्हानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

डीसी ऑफिसात कारकुनानं मान वर न करता विचारलं,
"हळेदा, होसदा?"
"नवी," मी म्हणाले.
त्यानं गोल गोल अक्षरांत ओळ भरली.
जिना उतरताना मी ती लावून वाचली.
एक अक्षर सोडून सगळी लागली.

अकराव्या दिवशी निवडणूक जाहीर झाली.
हत्यारं जमा करायला ठाण्यात ही रांग.
माझ्यामागं एक पोरगेलीशी बाई, नंदगडची,
पोटाशी फ्लॅनेलचं गाठोडं.
वरचं कापड सरकलं आणि
ती उघडी, चांदीसारखी जागा दिसली.
"डावीकडं मारते ती," मी म्हणाले.
तिनं मला नीट बघून घेतलं.
"मला तर मधीच लागतंय की वो."

हवालदारानं सुतळीनं चिठ्ठ्या बांधल्या.
सत्तेचाळीस माझी. अठ्ठेचाळीस ती.
निकाल लागेपर्यंत
दोघी एकाच कपाटात.